एमआरआयवर मायलिन मोजायचंय? आधी एमटीसॅट करा, मग मायलिन वॉटरकडे वळा

मेंदूतलं मायलिन (मज्जातंतूंभोवतीचं चरबीचं आवरण) मोजायचंय म्हणून बरेच जण सरळ डिफ्युजनचा (पाण्याच्या पसरण्याचा) डेटा उघडून बसतात, आणि फ्रॅक्शनल अ‍ॅनिसोट्रॉपी (पाणी एकाच दिशेने किती जास्त पसरतं त्याचा आकडा) कमी आली की मायलिन कमी झालं असं लिहून मोकळे होतात. प्लीज असं करू नका. गारफिश नावाच्या माशाच्या वासाच्या नसेत मायलिन अजिबात नसतं, तरी तिथेही पाणी नसेच्या दिशेनेच जास्त पसरतं, हे बोल्यू आणि अ‍ॅलन यांनी १९९४ सालीच दाखवलंय. म्हणजे ती दिशा मुख्यतः अ‍ॅक्सॉनच्या (मज्जातंतूच्या लांब धाग्याच्या) पडद्यांमुळे येते, मायलिन त्यात फक्त भर घालतं. शिवाय माणसाच्या मेंदूत एकाच व्हॉक्सेलमध्ये (इमेजच्या एका थ्रीडी ठिपक्यात) दोन-तीन दिशांचे तंतू एकमेकांना छेदत जातात, तिथे मायलिन ठणठणीत असलं तरी आकडा पडतो. रेडियल डिफ्युजिव्हिटीचंही (तंतूंना आडवं पसरण्याच्या आकड्याचंही) तेच, मायलिन नीट न बनणाऱ्या शिव्हरर उंदरांवर ती छान चालली म्हणून माणसाच्या सेंट्रम सेमीओव्हेलमध्ये, जिथे तंतू एकमेकांना छेदतात, तशीच चालेल असं नाही.

मग करायचं काय ते सांगतो. ३ टेस्ला स्कॅनर आहे, ३२ चॅनलची नाहीतर साधी २० चॅनलची हेड कॉइल आहे, आणि रिसर्चसाठी अर्ध्या तासाचा स्लॉट मिळतोय असं धरून चाललोय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की साधा एमआरआय मायलिन बघतच नाही, तो पाणी बघतो. मायलिनच्या कोरड्या वजनात ७० ते ८० टक्के चरबी आणि बाकी प्रोटीन, पण त्या चरबीतल्या हायड्रोजनचा सिग्नल एक मिलिसेकंद व्हायच्या आतच मरतो, आणि आपला नेहमीचा सिक्वेन्स ऐकायला सुरुवात करेपर्यंत तिथे काही उरलेलं नसतं. त्यामुळे आडवाटेने जावं लागतं आणि आडवाटा मुख्य दोन आहेत. एक म्हणजे मायलिनचे थर खारीच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक असतात, त्या थरांच्या मधे पाणी अडकलेलं असतं, हे पाणी मोकळं हलू शकत नाही म्हणून त्याचा टी२ (सिग्नल विझायला लागणारा वेळ) फार छोटा असतो, त्यावरून ते वेगळं काढायचं. दुसरी वाट म्हणजे चरबी-प्रोटीनला चिकटलेल्या हायड्रोजनला मुद्दाम डिस्टर्ब करायचं आणि तो धक्का शेजारच्या पाण्यापर्यंत किती पोचला ते मोजायचं, हेच मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर, म्हणजे एमटी. वुल्फ आणि बालाबान यांनी १९८९ साली हे मांडलं.

माझं स्पष्ट मत आहे की नव्याने सुरुवात करणाऱ्याने एमटीसॅटपासून (एमटी सॅच्युरेशन, म्हणजे एमटी पल्सने पाण्याचा सिग्नल दर वेळी किती दबतो ते) करावी. कारण त्याला लागणारा सिक्वेन्स बहुतेक सगळ्या स्कॅनरवर आधीच असतो, कंपनीकडून स्पेशल रिसर्च पॅच मागत बसावं लागत नाही, सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि चूक झाली तर ती कुठे झाली हे शोधता येतं.

जुनी पद्धत एमटीआरची, म्हणजे एमटी रेशोची. एमटी पल्स बंद ठेवून एक स्कॅन, चालू करून एक स्कॅन, दोन्हीतला फरक भागिले पहिला, गुणिले शंभर. सोपं आहे, पण त्यात टी१ (सिग्नल परत पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) मिसळलेला असतो, आणि हे नुसतं वाचून पटत नाही म्हणून आकडेच मांडतो. टीआर (एका पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंतचा वेळ) २५ मिलिसेकंद, फ्लिप अँगल (पल्स सिग्नलला किती वळवते तो कोन) ६ अंश, आणि व्हाइट मॅटरचा (मेंदूतल्या तंतूंच्या भागाचा) टी१ ८५० मिलिसेकंद धरा. एमटी पल्स दर टीआरला २ टक्के सॅच्युरेशन करतेय असं समजा. गणित केलं की एमटीआर येतो साधारण ३६. आता मायलिनला काहीही करू नका, सॅच्युरेशन तेच २ टक्के ठेवा, फक्त टी१ वाढून १२०० मिलिसेकंद झाला असं धरा, सूज आली की असं होतंच. एमटीआर येतो ४३! मायलिन तेवढंच, आकडा सात पॉइंटने वर. खऱ्या पेशंटमध्ये तर टी१ वाढतो आणि सॅच्युरेशन कमी होतं, दोन्ही एकाच वेळी, म्हणजे एक परिणाम दुसऱ्याला खाऊन टाकतो आणि खराब झालेला भागही जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. म्हणून एमटीआरवर थांबू नका, तिसरा एक स्कॅन घ्या आणि एमटीसॅट काढा, ही हेल्म्स आणि सहकाऱ्यांची २००८ ची पद्धत.

तीन थ्रीडी ग्रेडियंट एको स्कॅन लागतात, आरएफ स्पॉइलिंग असलेले, ज्याला कुणी फ्लॅश म्हणतं, कुणी एसपीजीआर, कुणी टी१ एफएफई, मशीन कुठल्या कंपनीचं त्यावर. पहिला प्रोटॉन डेन्सिटीकडे झुकलेला, टीआर २५ मिलिसेकंद, फ्लिप अँगल ६ अंश. दुसरा हुबेहूब तोच, फक्त एमटी पल्स चालू. तिसरा टी१ कडे झुकलेला, टीआर तोच पण फ्लिप अँगल २१ अंश. व्हॉक्सेल १ मिलिमीटर ठेवा, पॅरलल इमेजिंग दोन पट, आणि जमलं तर प्रत्येकात पाच-सहा एको घ्या म्हणजे त्यांची सरासरी करून सिग्नल सुधारता येतो. एमटी पल्स पाण्याच्या फ्रिक्वेन्सीपासून साधारण १ ते २ किलोहर्ट्झ लांब मारतात, कारण चिकटलेल्या हायड्रोजनचा पट्टा कित्येक किलोहर्ट्झ पसरलेला असतो तर मोकळ्या पाण्याची रेघ अगदी बारीक, त्यामुळे इतक्या लांबून मारलं की पाणी वाचतं आणि फक्त चिकटलेला भाग सॅच्युरेट होतो. या तीन स्कॅनसोबत बी१ मॅप (आरएफ पल्सची ताकद डोक्यात कुठे किती पोचते त्याचा नकाशा) घ्यायचाच, त्यावर पुढे येतो. सगळं धरून वीस-पंचवीस मिनिटं जातात.

आता एक गोष्ट जिच्यात नव्या लोकांचा डेटाच्या डेटा वाया जातो. या तिन्ही स्कॅनमध्ये रिसीव्हर गेन एकच पाहिजे. स्कॅनर प्रत्येक सिक्वेन्सच्या आधी स्वतःचं अ‍ॅडजस्टमेंट करतो आणि त्यात गेन बदलला तर तीन इमेजेसचे आकडे एकमेकांशी तुलना करण्यासारखे राहत नाहीत, आणि वाईट म्हणजे इमेज बघून हे कळत नाही, सगळं छान गुळगुळीत दिसतं. तेव्हा टेक्निशियनशी आधीच बोलून ठेवा, पहिल्या स्कॅनचं प्रीस्कॅन पुढच्या दोन स्कॅनला जसंच्या तसं वापरायचं. फिलिप्सच्या मशीनवर डायकॉम (इमेजच्या फाइल) बनवताना प्रत्येक सिरीजला वेगळा स्केल फॅक्टर लागतो, तो हेडरमधून वाचून उलटा फिरवावा लागतो, कन्व्हर्टर ते आपोआप नीट करतोय का ते एकदा हाताने तपासा. इमेज शार्प करणारे फिल्टर, नॉर्मलाइज, हे तिन्हीत बंद नाहीतर तिन्हीत सारखे.

आणि स्कॅनमध्ये येणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत नीट समजावून सांगा. आवाज थांबला म्हणजे स्कॅन संपला असं वाटून लोक मान सैल करतात, खाकरतात, नाक खाजवतात, आणि पुढचा स्कॅन सुरू होईपर्यंत डोकं दोन मिलिमीटर सरकलेलं असतं. काका, मधे मधे आवाज बंद होईल पण मी येऊन सांगेपर्यंत डोकं असंच ठेवा, इतकं साधं वाक्य पुरतं. कानाच्या दोन्ही बाजूंना पॅडिंग घट्ट, गुडघ्याखाली उशी. सरकलेली इमेज सॉफ्टवेअर परत जुळवून देतं हे खरं, पण डोकं हललं की कॉइलच्या जवळ-लांब होण्याने उजेडच बदलतो आणि तो जुळवून परत येत नाही.

गणिताकडे या. दोन वेगळ्या फ्लिप अँगलच्या स्कॅनवरून दोन गोष्टी निघतात, आर१ म्हणजे एक भागिले टी१, आणि ए म्हणजे एकूण सिग्नलचा अंदाज. मग एमटीवाल्या स्कॅनचा सिग्नल घ्यायचा आणि मांडायचं: एमटीसॅट = (ए × अल्फा ÷ एमटी सिग्नल − १) × आर१ × टीआर − अल्फा² ÷ २. यातला अल्फा म्हणजे फ्लिप अँगल, तो अंशात नाही, रेडियनमध्ये, ६ अंश म्हणजे ०.१०५, हे विसरलं की उत्तर भलतंच येतं. शेवटी शंभरने गुणून टक्क्यात लिहितात. हे स्वतः पायथॉनमध्ये वीस ओळींत लिहिता येतं आणि पहिल्यांदा स्वतःच लिहावं असं मला मनापासून वाटतं, मग एसपीएमवर चालणारा एचएमआरआय टूलबॉक्स किंवा क्यूएमआरलॅब वापरून उत्तर पडताळा. वर दिलेल्या प्रोटोकॉलसारखं काही असेल तर व्हाइट मॅटरमध्ये साधारण दीड ते दोन आणि कॉर्टेक्समध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. पल्स बदलली की हे आकडे बदलतात, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या पेपरमधल्या आकड्याशी आपला जुळला नाही म्हणून घाबरू नका आणि जुळला म्हणून खूशही होऊ नका.

बी१ मॅप का? ३ टेस्लावर डोक्याच्या मध्यभागी फ्लिप अँगल मागितल्यापेक्षा जास्त लागतो आणि टेम्पोरल लोबच्या टोकांकडे, सेरेबेलमकडे कमी. बी१ दहा टक्के कमी असेल तर एमटी पल्सची पॉवर वर्गात पडते, म्हणजे सॅच्युरेशन १९ टक्के कमी. आणि टी१ काढताना अँगल चुकीचा धरल्याने टी१ सुद्धा १९ टक्के कमी येतो. आता यातली सुंदर गोष्ट अशी की एमटीसॅटच्या सूत्रात बी१ न सुधारता मागितलेलाच अँगल टाकला तर या दोन चुका एकमेकींना जवळपास काटतात! आर१ तेवढ्याच प्रमाणात जास्त येतो आणि सॅच्युरेशनची घट भरून काढतो. कागदावर स्वतः करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे आणि ही पद्धत अशी का रचली ते तेव्हाच कळतं. तरी थोडी चूक उरतेच, ती काढायला एमटीसॅटला ०.६ ने गुणून (१ − ०.४ × बी१) ने भागतात. पण हा ०.४ एका ठराविक पल्ससाठी मोजलेला आकडा आहे, तुमची पल्स वेगळी असेल तर एकाच माणसाला एमटी पल्सची पॉवर कमी-जास्त करून स्कॅन करा आणि तुमचा स्वतःचा आकडा काढा. आर१ मॅप जर वेगळा वापरणार असाल तर त्याला मात्र पूर्ण बी१ करेक्शन लागतंच, तिथे काटाकाटी होत नाही.

मॅप तयार झाला की ग्रुप तुलना, पी व्हॅल्यू वगैरेच्या मागे लगेच धावू नका. आधी व्हेंट्रिकल बघा. सीएसएफमध्ये (तिथल्या पाण्यासारख्या द्रवात) मायलिन नाही, तिथे एमटीसॅट शून्याच्या आसपासच पाहिजे. ठळकपणे वर येत असेल तर गेन बदललाय किंवा इमेज जुळल्या नाहीत किंवा पल्स पाण्यालाच थेट मारतेय. मग डावी-उजवी बाजू बघा, एकीकडून दुसरीकडे हळूहळू उजेड बदलत जात असेल तर तो मायलिनचा नाही, बी१ चा किंवा कॉइलचा आहे. आणि एका व्हॉलंटिअरला स्कॅन करून, टेबलवरून उतरवून, पाणी पाजून परत झोपवून पुन्हा स्कॅन करा. दोन्ही वेळच्या आकड्यांत जेवढा फरक येतो त्यापेक्षा लहान फरकावर तुमच्या अभ्यासात काहीही दावा करता येत नाही. ही टेस्ट न करताच शंभर लोकांचा डेटा गोळा करणं म्हणजे लोकांचा वेळ वाया घालवणं आहे, माझं यावर अगदी ठाम मत आहे.

आता दुसरी वाट, मायलिन वॉटर. ही व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या मॅके आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये माणसाच्या मेंदूत करून दाखवली. एकाच एक्साइटेशननंतर ३२ स्पिन एको घ्यायचे, दर १० मिलिसेकंदाला एक, म्हणजे ३२० मिलिसेकंदांपर्यंत सिग्नल कसा उतरतो ते बघायचं. तो उतार एका घातांकाचा नसतो, अनेकांची बेरीज असते. ४० मिलिसेकंदांच्या आतला टी२ असलेला भाग मायलिनच्या थरांमधलं पाणी, ७०-८० च्या आसपासचा पेशींच्या आतलं-बाहेरचं पाणी, आणि खूप लांबचा सीएसएफ. छोट्या टी२ चा भाग भागिले एकूण, हा झाला मायलिन वॉटर फ्रॅक्शन. व्हाइट मॅटरमध्ये १० ते १५ टक्के, ग्रे मॅटरमध्ये अगदी थोडा. पूर्ण मेंदूसाठी ग्रेस नावाचा वेगवान सिक्वेन्स वापरतात, ३ टेस्लावर पंधरा मिनिटांच्या आसपास.

एमटीसॅटपेक्षा हे मायलिनच्या जास्त जवळ जातं असं मी म्हणेन. लॉल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटचे मृत्यूनंतरचे मेंदूचे नमुने स्कॅन करून नंतर लक्सॉल फास्ट ब्लू या मायलिन दाखवणाऱ्या रंगाने रंगवले, तेव्हा मायलिन वॉटर आणि रंग या दोन्हींत आर स्क्वेअर सरासरी ०.६७ आला. पण नॉइजला ही पद्धत फार हळवी आहे. पहिल्या एकोचा सिग्नल नॉइजच्या शंभर पट तरी असू द्या, त्यासाठी व्हॉक्सेल मोठा करावा लागला तरी करा. बारीक व्हॉक्सेलचा सुंदर दिसणारा पण खोटा मॅप काय कामाचा.

फिटिंगला नॉन-नेगेटिव्ह लीस्ट स्क्वेअर्स (उणे उत्तर येऊ न देणारं फिटिंग) वापरतात, १५ मिलिसेकंद ते २ सेकंदांपर्यंत ४० टी२ घेऊन, आणि थोडं रेग्युलरायझेशन (उत्तर गुळगुळीत ठेवायची अट), इतकं की मिसफिट दोन टक्क्यांच्या आसपास वाढेल. इथला खरा त्रास म्हणजे १८० अंशांची पल्स सगळीकडे १८० नसतेच. ती कमी पडली की स्टिम्युलेटेड एको तयार होतात, त्यामुळे दुसरा एको पहिल्यापेक्षा मोठा दिसतो आणि सुरुवातीचे एको खाली-वर नाचतात, आणि नेमकी सुरुवातच मायलिनची माहिती देते. म्हणून साध्या घातांकाचं फिटिंग करू नका, एक्स्टेंडेड फेज ग्राफ (असे जादा एको गणितात धरणारं मॉडेल) वापरून फ्लिप अँगलही सोबतच फिट करा. ज्युलिया भाषेतलं डीकेज हे सगळं करतं, फुकट आहे, आणि पूर्वी ज्याला तास लागायचे ते काही मिनिटांत होतं. फिट झालेला फ्लिप अँगलचा मॅप उघडून बघायची सवय लावा, तो गुळगुळीत नसेल तर मायलिनचा मॅपही विश्वासाचा नाही. नॉर्मल माणसात कॉर्पस कॅलोसमचा मागचा भाग, स्प्लीनियम, पुढच्या जेनूपेक्षा जास्त आला पाहिजे, ही पण एक चांगली चाचणी आहे.

एक सावधगिरी. एमसीडेस्पॉट नावाच्या पद्धतीतूनही मायलिन वॉटर फ्रॅक्शनच निघतो, लहान मुलांच्या अभ्यासात ती खूप वापरली गेली कारण वेगवान आहे, पण तिचे आकडे मल्टी-एकोवाल्यांपेक्षा बरेच मोठे येतात. नाव सारखं म्हणून दोन्हींचे आकडे एका टेबलमध्ये टाकू नका.

आता निकालाचा अर्थ लावताना. सूज आली की एकूण पाणी वाढतं, भागाकारातला खालचा आकडा मोठा होतो, आणि मायलिन जागेवर असूनही फ्रॅक्शन कमी दिसतो. नस तुटल्यावर मायलिन मोडून पडतं पण त्याचा कचरा साफ व्हायला वेळ लागतो, तोवर त्या कचऱ्याच्या थरांतलं पाणीही मायलिन वॉटर म्हणूनच मोजलं जातं. एमटीसॅटमध्ये मायलिन नसलेली प्रोटीनही थोडी मोजली जातात. टी१ मध्ये लोह मिसळतं, त्यामुळे बेसल गँग्लियात टी१ कमी आला म्हणून मायलिन जास्त असं म्हणायचं नाही. टी१ वेटेड भागिले टी२ वेटेड हा जो ग्लासर आणि व्हॅन एसेन यांच्या २०११ च्या कामानंतर सगळीकडे पसरला, तो कॉर्टेक्सच्या भागांच्या सीमा ओळखायला खरंच उत्तम आहे, पण तो मोजमाप नाही, आणि व्हाइट मॅटरमध्ये मायलिन वॉटरशी त्याचा मेळ फारसा बसत नाही. जुना क्लिनिकल डेटा हाताशी आहे म्हणून त्यावर मायलिनचा पेपर लिहायचा मोह होतो, तो आवरा.

बाळांवर काम असेल तर मोठ्यांचा प्रोटोकॉल उचलून लावू नका. जन्मतः मायलिन फार थोड्या भागांत असतं, मग ते खालून वर आणि मागून पुढे येत जातं, बाळाच्या मेंदूत पाणीही जास्त आणि टी१ लांब, त्यामुळे फ्लिप अँगल नव्याने ठरवावे लागतात. दूध पाजून झोपलं की स्कॅन करायचं, आणि कानांना मोठ्यांपेक्षा जास्त संरक्षण.

दोन्ही मोजमापं एकाच सेशनमध्ये जमत असतील तर घ्या. सुजेत पाणी वाढलंय की खरंच थर गेलेत हे वेगळं करायला एमटीसॅट, मायलिन वॉटर आणि टी१ तिन्ही एकत्र बघितले तर बराच उलगडा होतो, एकट्या आकड्यावरून होत नाही. लिहिताना मायलिन २० टक्के कमी झालं असं लिहू नका, एमटीसॅट अमुक इतका कमी झाला असं लिहा, आणि मेथड्समध्ये पल्सचा आकार, ऑफसेट, फ्लिप अँगल, टीआर, बी१ कसा सुधारला, स्कॅनरचं सॉफ्टवेअर व्हर्जन सगळं द्या. अभ्यास चालू असताना मशीनचं अपग्रेड होणार असेल तर त्याच्या आधी आणि नंतर त्याच दोन-चार व्हॉलंटिअरना स्कॅन करून ठेवा, आणि पेशंट आधी, कंट्रोल नंतर असं न करता दोघांना आलटून पालटून बोलवा.